लिंबावरची गुळवेल

विनायक गेल्याचा फोन बोरगावहून आप्पांनी केला. आप्पा म्हणजे आमचे चुलते. मी बेळगावला शाळेत शिकवते, तेव्हा वर्गावर होते. "विनू गेला गं," म्हणाले, आणि त्याच दमात, "तुजी किडनी काय त्याला मानवली न्हाय बघ." दीड महिना झाला, ते वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

मानवली होती. ऑपरेशननंतर माझा हा धाकटा भाऊ निपाणीतल्या आपल्या मोबाईलच्या दुकानात पुन्हा बसायला लागला, गिऱ्हाइकांची थट्टा करायला लागला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समजावलं होतं, की रक्तातल्या काही पेशी परक्यावर तुटून पडतात आणि काही त्यांना आवरतात. आवरणाऱ्यांचा जोर राहिला तर शरीर दुसऱ्याची किडनी खपवून घेतं. भांडखोरांना गोळ्यांनी दाबून ठेवायचं. विनू हसून म्हणाला, "म्हंजे आमच्या भावकीगतच की! भांडणारी लई, आवरणारी दोघं-तिघं."

भावकीनंच घात केला. आप्पांनी बांधावरच्या लिंबावरची गुळवेल आणून आईला दिली. "पोरगा वाळलाय. काढा दे, प्रतिकारशक्ती वाढंल." आई रोज सकाळी उकळायची. आमच्याकडे काढ्याला औषध कोण समजतं? चहाच्या आधी तो पोटात जातोच. गोळ्या ज्या पेशींना दाबत होत्या, त्यांनाच इकडे रोज खुराक मिळत होता...

किडनी बिघडल्यावर डॉक्टरांनी खोदून विचारलं, तेव्हा हे कळलं. "त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण गुळवेल द्यायला नको होती," ते म्हणाले. ते गेल्यावर विनूनं माझा हात धरला. "आक्का, आईला सांगू नगंस. जगायची न्हाय ती." पुढं डायलिसिस, मग छातीत जंतुसंसर्ग... आणि आप्पांचा तो फोन.

आप्पांना मी गुळवेलीचं तोंडावर सांगितलं होतं. "आमी आज्ज्यापास्नं पितोय, कोण मेलं?" म्हणाले. दिवसांना जमलेल्या पाहुण्यांतही दोष माझ्या किडनीलाच दिला. आई शेजारीच बसलेली, म्हणून मी गप्प राहिले. मला आप्पांचा संताप येतो. कधी आईचाही येतो, आणि मग माझीच मला लाज वाटते. आईला वाचता येत नाही. आप्पांना येतं, म्हणून इथं लिहिते आहे.

गेल्या रविवारी बोरगावला गेले. आईनं विनूच्या स्टीलच्या पेल्यात काढा आणून पुढ्यात ठेवला. "तुजी आता एकच किडनी ऱ्हायलीया. पी गं, ताकद येती. विनू कवा न्हाय म्हनला न्हाय."

ती समोर बसून राहिली. मी पेला उचलला आणि तळापर्यंत प्याले.