अण्णांचा दगडफुलावरचा पतंग

आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांइतका भिंतींकडे बघत बसलेला माणूस अख्ख्या बंगळुरात सापडायचा नाही. बायको गेल्यापासून तर बोलणंही माणसांपेक्षा भिंतींशीच जास्त. सकाळी मी दुधाला निघावं, तर हे जिन्यातल्या दिव्याखाली भिंतीला नाक टेकून उभे. "अक्का, स्वल्प हळू. झोपलाय तो." तो म्हणजे नखाएवढा पतंग, धुऊन धुऊन विटलेल्या धोतराच्या रंगाचा, पंखांवर काळे ठिपके. त्याच्या अळ्या म्हणे कंपाउंडच्या भिंतीवरचं दगडफूल खातात. "म्हणजे आपला गोडा मसालाच की हो!" मी म्हटलं. हे त्यांना इतकं आवडलं, की वॉचमनलासुद्धा कानडीतून सांगून आले.

ध्यास एकच. पतंगाची नक्की ओळख पटावी आणि तो कुठे कुठे दिसला त्याच्या नकाशावर बंगळूरचा ठिपका पडावा. ठिपके होते ते सगळे सह्याद्रीत, इकडे नुसतं कोरं. एका जाणकार बाईंना फोटो पाठवला, तर त्या म्हणाल्या, अशा दिसणाऱ्या दोन जाती आहेत, पोट उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, एक मारून पाठवा. त्या दिवशी अण्णा जेवलेच नाहीत. "ओळख पटवायला जीव घ्यायचा? आधारवालेसुद्धा नुसतं बोट मागतात की ओ!" आपणहून मेलेला चालेल असं बाई म्हणाल्यावर काडेपेटीत कापूस घालून वाट बघत बसले. पण दर वेळी जिन्यातली पाल आधी पोचायची. तिला त्यांनी निपाणीकडच्या कायकाय शिव्या घातल्या, ते मी इथे लिहीत नाही.

मग सोसायटीनं रंगकाम काढलं. अण्णा मीटिंगमध्ये उभे राहिले, "एवढी एक भिंत सोडा." पुण्याहून आलेला आमचा सेक्रेटरी, पोरगा गुणी हो, पण म्हणाला, "अंकल, किती डर्टी दिसतं ते!" पाण्याच्या मशीननं भिंत एका सकाळीत लख्ख झाली.

मला राहवेना. मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल भिजवून त्यांच्या खिडकीत ठेवून आले. अण्णा हसले, मग कितीतरी वेळ चष्माच पुसत बसले. "वाळून मेलंय ओ ते, अक्का. पण राहू दे."

पतंग काही आला नाही. "कोरं म्हणजे तिथं नाहीच असं नव्हे," ते म्हणायचे, "कुणी बघितलं नाही, एवढंच."

पुढच्या थंडीत अण्णा गेले. वर राहायला आलेली मुलगी परवा काडेपेटी घेऊन आली. "आंटी, खिडकीत होती. फेकू का?" मी ठेवून घेतली. आत नुसता कापूस.

जिना मी अजून स्वल्प हळूच उतरते.