भात न खाणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका भातावर जीव असलेला माणूस उभ्या मीरा-भाईंदरात सापडायचा नाही. आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी भाताचं एक शीतही तोंडात घातलेलं नाही. भाईंदर पश्चिमेच्या जुन्या शेतकरी घरातला हा माणूस लग्नाच्या जेवणातही पिशवीतून स्वतःची नाचणीची भाकरी काढतो. शेजारी मी कोळंबीच्या रश्श्यावर तिसऱ्यांदा भात वाढून घेत असतो. "खावा जावय, खावा. तुमचा काय गुना न्हाय," ते म्हणतात. मग तो घास माझ्या घशाखाली नीट उतरत नाही. उतरतो, पण नीट नाही.

गुन्हा त्यांचा, असं त्यांचंच म्हणणं. खाडीकडचा भातशेतीचा तुकडा त्यांनी एकदा निकेलचा मुलामा देणाऱ्या कारखान्याला भाड्याने दिला होता. कारखाना उठून गेला, त्याचं पाणी मात्र मातीत मुरून राहिलं. मामांनी हौसेने पुन्हा भात लावला. तो तरारून आलाही, पण माती तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, "काका, हा खायचा नाही." मामांनी उभं पीक उपटलं आणि त्याच बांधावर शपथ घेतली: या शेतात खायाजोगं पिकेपर्यंत भाताला शिवायचं नाही. बाईंच्याच सल्ल्याने तिथे हत्तीगवत आलं. ते मातीतला धातू हळूहळू ओढून घेतं. कापायचं, वाळवायचं, बॉयलरला जाळायला द्यायचं, राखसुद्धा वेगळी ठेवायची. जनावराला घालायचं नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी वसुबारसेला बायकोने गाईला घास घालायला पाठवलं, तेव्हा मी मामांच्या शेतातली एक हिरवीगार पेंढी उचलली आणि पुण्य फुकटात पडल्याच्या आनंदात शांती नगरच्या नाक्यावर गाईपुढच्या रांगेत उभा राहिलो. पेंढी कुठली ते मी बायकोला कळवलं होतं; तिने फोनवर मामांकडे सहज माझं कौतुक केलं असावं. गाईने तोंड लावायच्या आत रिक्षातून लुंगी-बनियनवर मामा उतरले आणि त्यांनी पेंढी हिसकावली. चारा विकणारी बाई ओरडली, "अरे चाचा, गाय का निवाला छीनते हो?"

"जहर हाय बहनजी, जहर!"

मग तिच्याकडूनच चारा घेऊन त्यांनी गाईला घातला आणि तिथेच फुटपाथवर बसले. मी माफी मागायला लागलो, तर म्हणाले, "तुमी न्हाय वो. त्या मातीन जहर मीच घातलाय."

दरवर्षी मातीचा अहवाल येतो. आकडा थोडा खाली सरकतो. मामांनी पंचाहत्तरी ओलांडलीय. शेतातलं जुनं बियाणं मरू नये म्हणून ते गच्चीवर दोन पिंपांत, बाहेरून आणलेल्या मातीत, दरसाल भात पिकवतात. त्यातला एक दाणाही चाखत नाहीत. पंधरवड्यापूर्वी ते चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरी चढून आले आणि पुरचुंडीभर बियाणं त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

"मला कशाला मामा? मला तुळसही जगवता येत नाही."

"तुमाला भाताची आवड हाय. तुमी इसरनार न्हाय," ते म्हणाले. जरा दम खाऊन पुढे म्हणाले, "माती सावकाश बरी होते, जावय. माजं तेवढं सावकाश जमंल असं वाटत न्हाय. त्या शेतान पयला भात होईल, तवा एक घास माज्या नावानं काडा."

बाल्कनीतल्या टबात मी ते पेरलं. आज सकाळी बोटभर कोंब वर आले. दुपारी बायकोने नेहमीप्रमाणे भाताचं भांडं पुढे सरकवलं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.