खर्रा घोटायचा वेग

आयटीआय करून कुरखेड्याजवळच्या एका राइस मिलमध्ये फिटर म्हणून लागले, तेव्हा शेठनं बजावलं होतं, “पोते भरायची मशीन ढिली चालून राह्यली. शनिवारपर्यंत सुधरली तं तू पक्की, नाई तं घरी.” मला ही नोकरी हवीच होती. गावभर मी आधीच पेढे वाटून बसले होते.

या मशीनचा चिमटा पोत्याचं तोंड धरतो आणि तांदूळ भरला की सोडतो. तो हवेवर चालतो. हवा किती सोडायची, ते एका बोटभर पितळी व्हॉल्व्हच्या स्क्रूवर ठरतं: आवळला की हवा कमी आणि चिमटा हळू, सैल केला की जलद. रोज सकाळी मी स्क्रू नीट लावायची आणि दुपारी चिमटा पुन्हा आळोखेपिळोखे देत हलायचा. मी सील बदललं, पाइप बदलला, कॉम्प्रेसरला शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

शनिवारी पाहिलं, तर पोती लावणारे म्हातारे हमालभाऊ नखानं स्क्रू आवळत होते.

“भाऊ, हे काऊन?”

“चिमटा हळू चालला तं खर्रा घोटाले टाइम भेटते ना, बाई. चार पोत्यांत एक खर्रा होते.” आणि पन्नीतली सुपारी-तंबाखू तळहातावर चोळत ते निवांत उभे राहिले.

माझं डोकंच फिरलं. स्क्रू पुरता सैल केला आणि तो पुन्हा हलू नये म्हणून त्यावरचा लॉकनट पान्यानं करकचून आवळला. भाऊंनी सवयीनं आधी चिमटा मिटवायचं पायाचं पेडल दाबलं, मग रमतगमत पोतं लावायला वाकले. चिमट्यानं खटकन त्यांच्या गळ्यातला दुपट्टाच धरला. वरून तांदूळ सुरू. भाऊ घोट्यापर्यंत तांदळात, मान चिमट्याला बांधलेली, हातातला खर्रा मात्र शाबूत. नेमके तेव्हाच शेठ आले. माझी नोकरी गेली, असंच मी धरून चालले.

“काय झालं बे?”

“मशीन एक नंबर चालून राह्यली, शेठ,” भाऊ अडकल्या जागेवरून म्हणाले. “मीच मंदावलो.”

त्यांच्या वयाच्या हमालानं शेठसमोर हे बोललं, तर त्याचंच काम जातं. मला स्वतःची लाज वाटली.

दुपट्टा सुटला तसा भाऊंनी खर्रा खिशात टाकला आणि शेठसमोर एकामागून एक वीस पोती भरली. दमून तोंड लाल. शेठ मला “पक्की” म्हणाले आणि निघून गेले.

मी पाना घेतला, लॉकनट सोडला आणि स्क्रू अर्धा फेरा आवळला. भाऊ धापा टाकत बघत होते.

“अजून जरासा,” ते म्हणाले.