न वाळणारं मेंढरू

रंग वाळतो, असा बहात्तर सालच्या नाताळापर्यंत माझा ठाम समज होता.

माझी सासुरवाडी सोनईची. तिथल्या चर्चमध्ये नाताळला येशूजन्माचा गोठा मांडत. त्यातली मातीची जनावरं त्या पावसाळ्यात गळतीखाली विरघळली. (येशूबाळ वरच्या फळीवर होता म्हणून वाचला.) मी ऐटीत भिंगारच्या बाजारातून नवी नेली. मऊ प्लॅस्टिकची, दाबली की चीं करणारी! फक्त गाय हिरवी होती आणि मेंढरं गुलाबी.

"जावईबापू, गुलाबी मेंढरू म्या तरी कुटं पाह्यलं न्हाई," सासरे म्हणाले. ते हाडाचे शेतकरी. खुर्चीत बसून पगार खाणाऱ्या जावयाच्या हातात काही कला असेल, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"रंगवतो की!" मी बोलून गेलो. आता प्रश्न अब्रूचा होता!

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंट घरात होताच. शिंगांवर तो कसा झकास वाळतो! प्लॅस्टिकवर मात्र वाळायचं नावच घेईना. फुंकर मारली, वारा घातला, शेवटी जनावरं चुलीशी शेकत ठेवली. रंग तसाच चिकट. गाय मात्र धगीनं पाय दुमडून जी बसली, ती उठेचना!

"अहो, उद्या नाताळ! बाबा काय म्हणतील?" बायको रडकुंडीला आली.

मी चिडून उशी फाडली आणि मेंढरांवर कापूस दाबला. आणि काय सांगू! कापूस असा बसला की मेंढरं लोकरीची झाली!

सकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात गोठा उजळला आणि अख्खं चर्च माना उंचावून बघू लागलं. बसलेली गाय आत्ता रवंथ करील असं वाटत होतं. सासऱ्यांनी टोपी काढली.

"जित्ती हायती गं!" ते लेकीला हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. खरं सांगतो, माझेही भरले. हे माझ्या हातून झालं?

पण शेतकऱ्याला जनावर नुसतं बघून समाधान कुठलं! त्यांनी एक मेंढरू उचललं आणि छातीशी धरलं. अंगात लग्नातला काळा कोट. मेंढरू परत ठेवायला गेले, तर कापूस लावायचं राहिलेलं पोट कोटाला चिकटलेलं, सुटेना! ओढलं. "चीं!"

तेवढ्यात फादरांनी मिस्सा, म्हणजे नाताळची उपासना, सुरू केली. सासरे गुडघे टेकताना, "चीं!" बाहेर लोक शुभेच्छा द्यायला गळाभेट घेऊ लागले. प्रत्येक भेटीला, "चीं!" काही जण तर रांगेत दोनदा आले!

घरी बायकोनं रॉकेल लावून मेंढरू सोडवलं. डाग राहिला. सासऱ्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला.

"जावईबापू, ह्यो आता तुमचाच."

तो कोट अजून आमच्या कपाटात आहे. परवा मी त्या डागावर बोट ठेवलं, तर चिकटलं!

"बघ," मी बायकोला म्हणालो, "माझ्या हातचं काम इतकी वर्षं टिकलंय!"

"व्हय," ती म्हणाली, "एवढं एकच."