बिनगोलाचा सामना

वैशाखात धरणाचं पाणी मागं सरलं की आमचं गाव वर यायचं. मारुतीच्या पाराचे दगड, घरांचे चौथरे, नदीकाठचा सपाट माळ आणि त्याच्या दोन्ही टोकांना वाळलेल्या बाभळींची एकेक जोडी, एवढंच काय ते गाव. ते बुडालं तेव्हा मी चार-पाच वर्षांची असेन. त्यामुळे मला खरंच आठवतं ते किती आणि आईकडून ऐकलेलं किती, याचा घोळ अजून सुटलेला नाही. वाळलेल्या गाळावर कोवळं गवत आलेलं, लांब पाणी चमकतंय, बगळे उभे आहेत आणि माणसं आपापल्या घराच्या जागी जाऊन नुसती बसली आहेत. वर्षातला तो एक दिवस मला कायम झोपेत पाहिल्यासारखा वाटत आला आहे.

गाव उठलं तेव्हा निम्मी घरं बावड्याकडं गेली, निम्मी बारामतीजवळ पिंपळीला. माझे वडील, म्हणजे आबा, पिंपळीला आले आणि त्यांचा धाकटा भाऊ, आमचे तात्या, बावड्याला गेले. भांडण वगैरे काही नव्हतं. जमीन मिळाली तिथं माणसं गेली. इंदापूरला एसटी बदलली की दुपारच्या आत बावडा येतं. पण आमच्याकडच्या पुरुषांना भावाच्या घरी नुसतं जाववत नाही, काहीतरी निमित्त लागतं. लग्न, नाहीतर मयत, नाहीतर वैशाखातला चेंडू.

हा चेंडू आमची माणसं मेंढरं राखायची तेव्हापासूनचा. कातरलेल्या लोकरीचा गोळा बकऱ्याच्या कातड्यात घालून घट्ट शिवायचा. मग पायानं मारा, हातानं धरा, बगलेत घेऊन पळा, पलीकडच्या टोकाच्या दोन बाभळींमधून काढला की गोल. गाव उठल्यावरही दर वैशाखात सगळे त्या माळावर जमत राहिले, फक्त बाजू आता बावडा आणि पिंपळी अशा पडल्या. आबा आमचे म्होरके, तात्या त्यांचे. पन्नाशी ओलांडलेले दोन भाऊ दिवसभर एकमेकांना खांद्यानं ढकलायचे आणि दुपारी एकाच घोंगड्यावर बसून भाकरी खायचे. बायकांनी भाकरी आणायची आणि कडेला बसायचं. मला ते लहानपणापासून खटकायचं, पण विचारतो कोण!

मग बावड्याच्या पोरांना शाळेत फुटबॉल शिकवणारे सर भेटले. नव्वद सालानंतरची गोष्ट. त्या पोरांना चेंडूला हात लावणं म्हणजे पाप वाटायला लागलं. एका वैशाखात आबांनी चेंडू झेलला, पोटाशी धरला आणि सरळ बाभळींमधून पळत गेले. ‘हँड! हँड!’ असा एकच गलका झाला. गोल धरायचा की नाही यावरून पोरं गचांडी धरण्यापर्यंत आली. तात्या मध्ये पडले खरे, पण बोलले आपल्या पोरांच्या बाजूनं.

‘‘दादा, ह्यो काय खेळ न्हाय. फुडल्या सालापास्नं तुमचं तुमी खेळा, आमचं आमी.’’

आबा ट्रॉलीत बसून घरी आले आणि पुढं कित्येक महिने त्यांनी भावाचा विषय काढला नाही. गोठ्यात म्हशीशी मात्र पुष्कळ बोलायचे. मला तात्यांचा राग आला होता आणि आबांचा त्याहून जास्त. हा एक दिवसही बंद पडला तर दोघं पुन्हा भेटणार ते कुणाच्या तरी मयतीलाच, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. आणि आबा स्वतःहून पाऊल उचलणार नाहीत, हेही.

त्या वर्षी मी बारामतीला इतिहासात एम.ए. करत होते. ग्रंथालयात ऑस्ट्रेलियावरचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते आम्हाला नेमलेलं नव्हतं, म्हणूनच मी ते काढलं. खिडकीशी बसून, डोक्यावरच्या पंख्याच्या घरघरीत, मी त्यातलं फुटबॉलचं प्रकरण वाचायला घेतलं आणि पानापानातून मला आमचा माळ दिसायला लागला.

मेलबर्न शहर तेव्हा नवं होतं. क्रिकेट खेळणाऱ्यांना हिवाळ्यात अंग जड होऊ नये म्हणून दुसरा खेळ हवा होता. मैदान आखलेलं नव्हतं, बागेतल्या गवतावरच खेळायचे. मध्येच निलगिरीची झाडं उभी, चेंडू झाडांत गेला तर माणसं झाडांत. विलायतेतल्या वेगवेगळ्या शाळांत शिकलेली ही मंडळी, प्रत्येकाचा कायदा निराळा. कुणी म्हणे हात लावायचा नाही, कुणी म्हणे उचलून पळायचं, कुणाला नडगीवर लाथ मारल्याशिवाय खेळल्यासारखं वाटायचं नाही. म्हणून सामन्याआधी दोन्ही म्होरके बसून त्या दिवसापुरतं काय ते ठरवायचे. ठरलेले गोल होईपर्यंत सामना संपत नसे. अंधार पडला तर पुढच्या एखाद्या शनिवारी पुन्हा तोच सामना पुढं चालू. शेवटी काही जणांनी बसून थोडेसे नियम कागदावर आणले आणि तो त्यांचा खेळ झाला. तिकडं सिडनीकरांनी रग्बी धरली. पुढं मेलबर्न आणि सिडनी या दोन वसाहतींची मंडळी एकमेकांकडं खेळायला गेली, तेव्हा एक सामना तुमच्या कायद्यानं, एक आमच्या, अशी तोड निघाली.

आणि त्या भूमीचे मूळचे लोक? झाडावर राहणाऱ्या एका केसाळ प्राण्याच्या कातड्याचा चेंडू ते कितीतरी आधीपासून खेळत होते. गोऱ्यांच्या खेळात त्यातलं काही उतरलं की नाही यावर अभ्यासकांचा वाद आहे म्हणे. त्या लोकांना पुस्तकानं अर्धं पान दिलं होतं. ज्यांच्या जमिनीवर बाग झाली त्यांना अर्धं पान! मी पुस्तक इतक्या जोरात मिटलं की ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

हे सगळं मी संध्याकाळी गोठ्यात आबांना सांगितलं. ते धार काढत होते.

‘‘तितं मेंढरं हायत का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘माणसांपेक्षा जास्त.’’

‘‘मग जानती मानसं आसनार.’’ त्यांनी बादली जरा पुढं सरकवली. ‘‘आन् चेंडू झाडात गेला तरी खेळ चालूच?’’

‘‘चालूच. कुठंबी गेला तरी.’’

‘‘ह्ये बराबर हाय,’’ आबा म्हणाले. मग मी हळूच मुद्द्यावर आले. भाकरीच्या आधी बावड्याच्या कायद्यानं खेळायचं, भाकरीनंतर आपल्या. त्याबरोबर त्यांचं तोंड आवळलं. बादली उचलून ते उठले आणि दारातून म्हणाले, ‘‘जायचं तर जा. म्या धाडलंय म्हनू नगंस.’’

मी दुसऱ्याच दिवशी बावड्याला गेले. तात्यांनी अंगणात बाज टाकली, काकीनं चहा दिला. मी सगळी कथा पुन्हा सांगितली. तात्या माणूस हिशेबी नाही पण चौकस आहे. सगळं ऐकून त्यांनी नेमकं नको तेच विचारलं.

‘‘मग त्या गोऱ्यांचं दोन खेळ येक झालं का?’’

खोटं बोलायचा मोह झाला. पण बोलले नाही. ‘‘न्हाय, तात्या. अजून येगळंच हायती. पर मानसं येकमेकांकडं जात राहिली.’’

त्यांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला. ‘‘दादाचा गुडघा कसा हाय?’’ त्यांनी विचारलं. मला तेवढ्यावरच रडू आलं, मी ते चहाबरोबर गिळलं.

त्या वैशाखात पाणी नेहमीइतकं हटलं नाही. माळ वर आला होता, पण नदीकडच्या बाभळी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि त्यांच्या मागं आमच्या जुन्या घराचा चौथरा अजून पाण्याखाली होता. सकाळपासून आबा बावड्याच्या वाटेकडं पाठ करून बसले. ट्रॅक्टरचा आवाज आला तरी वळले नाहीत. तात्या येऊन समोर उभे राहिले तेव्हा म्हणाले, ‘‘उशीर केला.’’ झालं, एवढीच बोलणी.

भाकरीच्या आधी बावड्याचा कायदा. हात चुकून पुढं जाऊ नयेत म्हणून आबांनी ते पाठीशी एकमेकांत अडकवून ठेवले होते आणि तसेच धावत होते. बायका पदर तोंडात घालून हसल्या. गोल कुणाचाच झाला नाही. भाकरीनंतर आमचा कायदा, आणि तात्यांना जुनी सवय आठवली. त्यांनी चेंडू बगलेत मारला, चार जणांना लोळवलं आणि बाभळींच्या रोखानं असा काही भिरकावला की तो बाजूनं जाऊन लांब पाण्यात पडला.

‘‘आऊट!’’ पोरं ओरडली.

‘‘आऊट बिऊट काय न्हाय,’’ आबा म्हणाले. ‘‘कुठंबी गेला तरी खेळ चालू.’’ आणि धोतर वर खोचून पाण्यात शिरले. त्यांच्या मागून तात्याही.

लोकर पाणी प्यायली असणार, चेंडू दिसेना. दोघं वाकून हातानं चाचपडत पुढं गेले, मांड्यांपर्यंत पाण्यात, आणि एके ठिकाणी आबा थबकले. पायानं काहीतरी चाचपलं. तात्यांनीही तिथंच पाय टाकला.

‘‘उंबरा,’’ आबा म्हणाले.

‘‘उंबरा कुठला! चुलीम्होरचा दगूड हाय. हितं आई बसायची.’’

त्यावरून त्यांची जी जुंपली ती संपेचना. दार कुठं होतं, गोठा कुठं, कुणाची बाज कुठल्या भिंतीला. काठावर दोन्हीकडची पोरं कंटाळून गवतात आडवी झाली. पाण्यावर पिवळं ऊन होतं आणि त्यात ते दोघं आपल्या नसलेल्या घरात उभे राहून हातवारे करत होते. चेंडू काही सापडला नाही.

पुढच्या शनिवारी तात्या पिंपळीला आमच्या दारात हजर. रिकाम्या हातानं.

‘‘गोल झाला न्हाय न्हवं?’’ ते मला म्हणाले. ‘‘शनवारी फुडं खेळायचं, आसं तुझ्या बुकात हाय.’’

आबांनी ओट्यावर घोंगडं टाकलं. दोघं दिवसभर बसून बोलले, मध्ये जेवले, पुन्हा बोलले. त्यानंतर शनिवार हे निमित्त झालं. कधी तात्या यायचे, कधी आबा जायचे. वैशाखात नवा चेंडू शिवला जायचा, पोरं कुठल्या ना कुठल्या कायद्यानं खेळायची, गोल व्हायचे. पण ते गोल दोघांनी कधी आपल्या सामन्यात धरले नाहीत.

त्या दशकाच्या शेवटी आबा गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि शनिवारी तात्या आले. ओट्यावर स्वतःच घोंगडं अंथरून एका कडेला बसले. मी चहा घेऊन बाहेर आले. ते समोरच्या उसाकडं बघत होते.

‘‘दादाची बाजू आता कोन खेळनार?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मी,’’ मी म्हटलं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ते जरा सरकले आणि मला घोंगड्यावर जागा करून दिली.