गोंदलेली रेघ

शेखर गायधनीच्या दशक्रियेला मी रामकुंडावर गेलो होतो. तिथे त्याच्या एका नातेवाइकाने मला विचारले, “आपण कोण?” “ओळखीचा,” एवढे म्हणून मी बाजूला जाऊन उभा राहिलो. त्याच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. त्याला मुले किती, त्याचे आईवडील होते का, मला काहीच माहीत नव्हते. अशा माणसाने त्याच्याविषयी लिहावे का, हा प्रश्न आहेच. लिहायची मला सवयही नाही. पण झुंबरबाई नावाच्या एका पेशंटची हकिगत तो गेल्यावर आता बहुधा मलाच ठाऊक आहे, म्हणून जमेल तसे लिहितो.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात माझी पत्नी आशा हिला छातीच्या कॅन्सरसाठी नाशिकच्या एका हॉस्पिटलात लाईट घ्यावी लागली. किरणांच्या उपचाराला तिथले सगळे पेशंट ‘लाईट’च म्हणत. शेखर त्या मशीनवर होता. तिशीतला, बारीक अंगाचा, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. डॉक्टर मोजमाप ठरवून देत आणि पेशंटच्या अंगावर जांभळ्या शाईने रेघा आखल्या जात. रोज त्या रेघांवर मशीन बरोबर बसवायचे, पेशंटला आत एकटे ठेवून जाड दार लावायचे आणि बाहेर छोट्या पडद्यावर त्याच्याकडे पाहत राहायचे, हे शेखरचे काम. उपचार महिनाभराहून जास्त चाले, तोवर रेघा टिकायला हव्यात. साबण लावू नका, चोळू नका, असे तो प्रत्येकाला बजावायचा आणि कुणी चुकले की फार रागवायचा. आशा म्हणायची, “हा पोरगा शाईला जपतो तेवढा माणसाला नाही जपत.”

झुंबरबाई घोटीच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावरची. तिलाही आशाचाच आजार. तिचा भाचा पुंजा तिला घेऊन पंचवटीत एका धर्मशाळेत राहायचा आणि सुटीला दोघे गावी जायची. भाताच्या लावणीचे दिवस होते. ती दिवसभर पावसात, खाचरात वाकून राबली आणि सोमवारी आली तेव्हा अंगावर रेघ नव्हती.

शेखर बाहेर येऊन सगळ्यांसमोर तिला बोलला. लावणी मोठी की जीव, असे त्याने विचारले.

“लावणी झाली नाय तर जीव ठिवून काय करू?” ती म्हणाली आणि स्वतःच हसली. बाकावरचे आम्ही सगळेही हसलो. डॉक्टरांना बोलावून पुन्हा रेघा आखून झाल्या. मग शेखर तिच्याशेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “मावशी, ही रेघ गेली की मी आंधळा. काहीही करा, पण रेघ जाऊ देऊ नका.”

पुढच्या सुटीनंतर ती आली ती खुशीत. आशाला कोपऱ्यात नेऊन तिने पदर बाजूला केला. “आता पुसून दाखव म्हणावं त्याला.”

घोटीच्या बाजारात गोंदणारीण बसते. झुंबरबाईच्या कपाळावर, हातांवर लहानपणापासूनचे गोंदण होतेच. तिने जांभळी रेघही गोंदवून घेतली होती. आशाने मला हे सांगितले तेव्हा मला तिचे कौतुकच वाटले.

शेखरने ते आत पाहिले. तो ओरडला नाही. बाहेर आला, डॉक्टरांना फोन लावला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. लाईटने आधीच भाजलेल्या कातडीत सुया टोचल्या होत्या, ती सुजून पिकायला लागली होती. शिवाय वाटेतल्या पावसात रेघ अर्धी पुसली होती आणि गोंदणारणीने ती अंदाजाने, चांगली दोन बोटे सरकवून पुरी केली होती. जखम सुकेपर्यंत लाईट बंद, असे डॉक्टरांनी सांगितले. मलम देऊन तिला घरी पाठवले.

आशाचा उपचार संपला. दसऱ्याच्या सुमारास आम्ही तपासणीला गेलो, त्या दिवशी झुंबरबाईही आली होती. पुंजाच्या खांद्यावर भार टाकून चालत होती. जखम सुकली होती, पण गाठ वाढली होती आणि गळ्याशीही उठली होती. डॉक्टरांनी पुंजाला आत बोलावून सांगितले की आता लाईटचा उपयोग नाही. पुंजा बाहेर आला तो पायऱ्यांवर जाऊन बसला. तिला कुणीच काही सांगितले नाही.

ती आपली आपणच मशीनच्या दाराशी आली.

“बघ लेकरा, रेघ जशीच्या तशी हाय. दे लाईट.”

शेखर पायातल्या चपलांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मशीन बंद आहे, मावशी.”

तेवढ्यात त्याच्यामागून एक पेशंट सदऱ्याची बटणे लावत बाहेर आला. झुंबरबाईने त्याच्याकडे पाहिले, शेखरकडे पाहिले.

“मग चालू झालं का निरोप धाड,” ती म्हणाली. “रेघ काय जायची नाय आता.”

दिवाळीनंतर पुंजा काही कागदांसाठी हॉस्पिटलात आला. ती गेली होती. शेवटपर्यंत नाशिकहून येणाऱ्या प्रत्येकाला ती मशीन चालू झाले का म्हणून विचारत होती. हे शेखरनेच मला हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर चहा घेताना सांगितले. मोकळेपणी आमचे बोलणे झाले ते तेवढेच. त्याचा काही दोष नव्हता, असे मी म्हणालो.

“काहीही करा, असं मीच म्हणालो होतो, काका,” तो म्हणाला. चहा त्याने तसाच ठेवला.

तीन वर्षांनी आशाचा आजार उलटला. पुन्हा लाईट, पुन्हा तोच शेखर. आता तो रेघेविषयी कुणाला अवाक्षर बोलत नसे. पुसली तर गुपचूप डॉक्टरांना बोलवायचा. हा माणूस बोलतच नाही, अशी पेशंटची तक्रार असायची. एकदा आशाच्या रेघा घामाने गेल्या. तो मान खाली घालून उभा राहिला तेव्हा ती त्याला म्हणाली, “अरे, रागव की.” तो रागवला नाही. त्या हिवाळ्यात आशा गेली.

त्यानंतर तो मला एकदाच भेटला, बऱ्याच वर्षांनी, पंचवटी कारंजाच्या चौकात, बसची वाट पाहताना. केस पांढरे झाले होते, हातातल्या पिशवीत मेथीची जुडी होती. आशाचे त्याला ठाऊक होते. मेथी कशी मिळाली, हे मी विचारले. स्वस्त आहे, पण निवडायला वेळ लागतो, असे तो म्हणाला. मग त्याची बस आली.

“मशीन चालू आहे ना?” मी विचारले.

“चालू आहे, काका.”

“बरं. या मग.”

“येतो.”