हिंगाच्या डबीपर्यंत

आमच्या अक्का कुणाच्या नव्या घरी गेल्या की आधी दवाखान्याची चौकशी करत. चहा यायच्या आत त्यांचा प्रश्न ठरलेला, "आणि कुणाला काही झालं तर?" लोक हसायचे. अक्का हसायच्या नाहीत.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. अबू धाबीबाहेर खलिफा सिटीत एका व्हिलाचा मागचा भाग आमच्या दोन्ही घरांनी मिळून भाड्याने घेतला होता. तेव्हा तिथे वस्ती विरळ होती. मोठाली घरं, मध्ये नुसती रेती आणि कोपऱ्यावर दूध-अंड्यांचा एक बकाला, म्हणजे छोटं वाणसामानाचं दुकान. दादा, म्हणजे माझे थोरले दीर, आणि आमचे हे एकाच गाडीने कामावर गेले की मागे आम्ही दोघी आणि अक्कांचा ओंकार. ओंकारला दमा होता.

एका दुपारी त्याचा श्वास अडकला. पंप ओढूनही छाती भात्यासारखी हलत होती. टॅक्सी मिळेना. अक्का त्याला उचलून भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, मी पाण्याची बाटली घेऊन मागे. लाँड्रीच्या व्हॅनवाल्या पठाणाने करकचून ब्रेक मारला. "बैठो बहेन, यल्ला!" इस्त्रीच्या कपड्यांत बसून आम्ही दवाखाना गाठला. ओंकार बरा झाला, पण अक्कांचा जीव त्यानंतर कधी थाऱ्यावर आला नाही.

पुढे दादांना इंग्लंडात शेफिल्डला नोकरी लागली. ते आधी गेले आणि शहराच्या कडेला एका उपनगरात घर घेतलं. शुक्रवारी इथे सुट्टी, म्हणून ते कामावर निघण्याआधी फोन करत. बाग किती छान, वाचनालय किती मोठं, असं कौतुकाने सांगत. अक्का म्हणायच्या, "बाग राहू दे हो. दवाखाना सांगा."

फोन ठेवला की अक्का सतरंजी अंथरून स्वयंपाकघरातले डबे मांडायच्या. पोळ्यांचा डबा म्हणजे घर. हळद म्हणजे शाळा, मोहरी वाचनालय, चहाचा डबा बसथांबा. लाटणं आडवं ठेवलं की मोठा रस्ता. त्याच्या पलीकडे हिंगाची डबी, तो दवाखाना. मग ओंकारचा हात धरून त्या घरापासून हिंगापर्यंत चालायच्या आणि परत यायच्या.

"आई, धिस इज सिली!" ओंकार वैतागायचा.

"असू दे सिली. चल."

मलाही चालायला लावत. मी म्हणायची, "अक्का, मी थोडीच येणार आहे तिकडे?"

"तू पाठ कर. मी घाबरले की विसरते."

फोडणी करायची तर मला आधी वाचनालय उचलावं लागे.

विमानतळावर त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. "मंगल, सांग एकदा." मी सगळ्यांसमोर सांगितलं, "दारातून डावीकडे, हळदीवरून सरळ, लाटणं ओलांडलं की हिंग." एरवी चार माणसांत माझा आवाज फुटत नाही.

त्या गेल्यावर दर शुक्रवारी अक्का फोन करायच्या. एका शुक्रवारी फोन आलाच नाही. हे म्हणाले, "बाहेर गेले असतील गं." मला जेवण गेलं नाही. मी सतरंजी अंथरली, डबे मांडले आणि त्यांच्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"मंगल, हिंगाच्या डबीपर्यंत गेले. एकटी."

मी एवढंच विचारलं, "ओंकार?"

"काकू, आय ॲम फाइन," तिकडून त्याचाच आवाज आला. "मॉम कॅरिड मी!"

अक्कांनी फोन परत घेतला. काल ओंकारचा श्वास अडकला तेव्हा दादा कामावर होते, म्हणाल्या, आणि ॲम्ब्युलन्सला फोन करून इंग्रजी बोलायचा धीर होईना, म्हणून निघालेच. "वाट बरोबर होती गं, एक वळण चुकलं नाही. पण चढ आहे! लाटणं ओलांडलं की हा मोठा चढ! ह्यांना गाडीतून कधी कळलाच नाही. आपली सतरंजी सपाट होती, मंगल." त्या हसत होत्या की रडत होत्या, मला ओळखता आलं नाही.

फोन ठेवून मी सतरंजीपाशी गेले. लाटण्याच्या पलीकडची बाजू उचलून खाली उशी सरकवली आणि हिंगाची डबी वर ठेवली.

संध्याकाळची आमटी बिनहिंगाचीच केली.